मायक्रोनीडलिंगनंतर चेहऱ्याची काळजी: स्कूटी, स्कार्फ, ऊन आणि तोंडावर आलेली हळद

शमीवृक्ष · शनिवार, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी. गालांवर कॉलेजच्या वयातल्या पिंपल्सचे खड्डे आहेत. बरीच वर्षं करू करू म्हणत होते ते मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुया टोचून त्वचा सुधारायचा उपचार, काल संध्याकाळी करून घेतलं. डर्मापेन नावाच्या पेनासारख्या यंत्राने, सुया गालांवर दीड मिलिमीटर खोल, कपाळावर त्याहून कमी. डॉक्टर एमडी स्किन आहेत, सुयांचं कार्ट्रिज माझ्यासमोर सीलबंद पाकिटातून काढलं, त्यामुळे कामाबद्दल काही म्हणणं नाही. पण निघताना हातात जो कागद दिला त्यावर इंग्रजीत जेमतेम चार ओळी आहेत. ऊन टाळा, मेकअप टाळा, सनस्क्रीन लावा, त्रास झाला तर फोन करा. बाकी काही विचारायचं तर क्लिनिक आता थेट सोमवारी उघडणार.

आत्ता चेहरा लालबुंद आहे, गरम लागतो, कातडी ताणल्यागत वाटते. डोळ्यांखाली किंचित सूज आहे. हे किती दिवस चालतं?

सोमवारपासून ऑफिस. कोथरूडहून हिंजवडीला स्कूटीने जाते. स्कार्फ बांधायचा की नाही? कपाटात व्हिटॅमिन सीचं सीरम आणि रेटिनॉल पडून आहे, ते कधी सुरू करू? आई कुंडीतल्या कोरफडीचा गर लाव म्हणून मागे लागली आहे. आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे पुढच्या रविवारी मावसबहिणीची हळद आहे, मी करवली. आमच्याकडे करवलीला कोणी सोडत नाही.

ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

गुलबक्षी · शनिवार, सकाळी ९.४५

शमी, आधी घाबरू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी असंच दिसतं. माझी सगळी सेशन्स होऊन बराच काळ लोटलाय, पण तो आरसा अजून डोळ्यांसमोर आहे. लाली पहिल्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी जास्त असते, मग उतरायला लागते. साधारण दोन-तीन दिवसांत लोकांना कळणारही नाही इतकी कमी होते. त्यानंतर चेहरा हाताला खरखरीत लागतो, बारीक तपकिरी ठिपके दिसतात, तोंडाच्या आणि नाकाच्या कडेने पापुद्रे सुटतात. तेव्हा हात शिवशिवतात. त्या दिवसांत नखं बारीक कापून ठेव. पापुद्रा ओढून काढला की खालची कातडी अजून तयार नसते आणि तिथे काळा डाग धरतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाला हा त्रास जास्त.

आता मी काय करायचे ते लिहिते. तोंड धुण्याआधी हात साबणाने धुवायचे, हे पहिलं. मग साधं पाणी, गीझरचं कडक नाही. फेस न होणारा, वास नसलेला क्लेन्झर तळहातावर घेऊन फक्त फिरवायचा, चोळायचा नाही. पुसायला टॉवेल नाही. टॉवेलचे धागे खरबरीत असतात आणि न्हाणीघरात तो दिवसभर ओलाच लटकत असतो. मी जुन्या मलमलच्या ओढणीचे तुकडे करून, धुऊन, इस्त्री करून ठेवले होते. रोज नवा तुकडा, नुसतं टिपायचं. चेहरा किंचित ओला असतानाच मॉइश्चरायझर. साधंच, सेरामाइडचं किंवा हायलुरॉनिक ॲसिडचं, सुगंधी नको. दिवसातून हवं तितक्या वेळा लाव, ओढ बसली की लाव.

केस धुताना मात्र फसगत होते. शॉवरखाली उभं राहिलं की शाम्पूचं पाणी सरळ कपाळावरून गालांवर येतं आणि आग होते. पार्लरमध्ये मान मागे टाकून धुतात तसे धुवायचे. रविवारी डोक्याला तेल लावायची सवय असेल तर हा रविवार सोड, तेल ओघळून कपाळावर येतं. उशीचा अभ्रा रोज बदल. मोबाइल गालाला लावू नकोस, इअरफोन वापर. मोबाइलची काच आपण किती ठिकाणी ठेवतो ते आठवून बघ.

स्कार्फबद्दल दुपारी लिहिते, तो वेगळा विषय आहे.

ओंकारेश्वर_घाट · शनिवार, सकाळी १०.२०

वाचतोय. माझं पुढच्या महिन्यात ठरतंय. जिम किती दिवस बंद ठेवावी लागते? आणि दाढीचं काय?

काकडआरती · शनिवार, सकाळी ११.०५

शमी, तुझी आई म्हणते त्यात तथ्य आहे गं. कोरफड थंड असते. आमच्याकडे भाजल्यावर कोरफड लावायचे. आणखी एक, शतधौत घृत मिळालं तर लाव. तांब्याच्या परातीत शंभर वेळा पाण्याने धुतलेलं तूप, लोण्यापेक्षा मऊ होतं. माझ्या सासूबाई घरी करायच्या. आणि चिमूटभर आंबेहळद सायीत कालवून लावलीस तर लाली दोन दिवसांत जाईल. ही सगळी रसायनं कशाला?

गुलबक्षी · शनिवार, दुपारी १.३०

काकू, तुमच्या हातचं शतधौत घृत मिळालं तर मी टाचांना नक्की लावेन. पण आत्ता शमीच्या चेहऱ्यावर नको. बकुळ डॉक्टर येतीलच, त्या नीट सांगतील.

आता स्कार्फ. आपल्याकडे गाडीवर बसायचं म्हणजे नाकाडोळ्यांना घट्ट स्कार्फ गुंडाळायचा, हे हाडात मुरलेलं आहे. ऊन आणि धुळीसाठी तो चांगलाच, पण नीडलिंगनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत तोच घात करू शकतो. घडी करून मानेमागे गाठ मारली की कापड गालाच्या हाडावर ताणून बसतं आणि प्रत्येक खड्ड्यागणिक तिथे घासतं. पौड रोडवरून चांदणी चौकापर्यंत किती वेळा घासेल याचा विचार कर. आतून घाम, बाहेरून डिझेलचा धूर. शिवाय तो स्कार्फ डिकीत हेल्मेट, फडकं आणि पावसाळी जाकिटाबरोबर पडलेला असतो. वरून हेल्मेटचं गालाशी येणारं फोम. माझ्या मैत्रिणीला जबड्याच्या कडेने नेमकं तिथेच पुरळ उठलं होतं.

शक्य असेल तर सोमवार-मंगळवार घरून काम माग. जमत नसेल तर रिक्षा किंवा कॅब, काचा वर करून. गाडीशिवाय गत्यंतरच नसेल तर मऊ सुती, त्याच सकाळी धुऊन वाळवलेला स्कार्फ, सैल, चेहऱ्यावर फक्त पडदा म्हणून. पोहोचलीस की काढून बॅगेत वेगळ्या पिशवीत टाक आणि परतताना दुसरा घे. सिंथेटिक आणि जरीकाठी स्कार्फ या आठवड्यात कपाटातच राहू देत.

बकुळ · शनिवार, संध्याकाळी ६.४०

ओपीडी संपवून आत्ता वाचलं. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. इथे लिहिते ते सर्वसाधारण माहिती म्हणून घ्या, तुमच्या डॉक्टरांनी चेहरा पाहिलाय, मी नाही. त्यांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका.

सुया टोचून त्वचा सुधारते कशी, हे एकदा कळलं की काळजी काय घ्यायची ते आपोआप कळतं. दीड मिलिमीटर म्हणजे सुई वरचा थर ओलांडून खालच्या थरापर्यंत गेली. तिथे हजारो बारीक जखमा झाल्या. शरीर त्या भरून काढायला लागतं, आधी दाह, मग नव्या पेशी, मग नवं कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन. १९९५ मध्ये अमेरिकेत ओरेन्ट्राइच पितापुत्रांनी खड्ड्यांखालचे तंतू सुईने सोडवायची पद्धत मांडली. १९९७ मध्ये कॅनडात कामिरांद आणि दूसे या डॉक्टरांनी शाई न भरता टॅटूच्या मशीनने व्रण टोचून पाहिले. पुढे दक्षिण आफ्रिकेचे प्लास्टिक सर्जन डेस्मंड फर्नांडिस यांनी त्यासाठी सुया बसवलेला छोटा रोलर केला. तिन्ही पद्धतींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: काम सुई करत नाही, सुईनंतर शरीर करतं. हे कोलॅजन घट्ट व्हायला काही महिने लागतात, म्हणून आठवड्याभरात खड्डे बघत बसू नका.

या पहिल्या दिवसांची त्वचा म्हणजे नुकतं पेरलेलं वावर. त्यात कोणी पाय घालत नाही, आणि रोज उकरून कोंब आले का हेही बघत नाही. आपल्याला सवय असते काहीतरी लावायची. या आठवड्यात न लावणं हीच काळजी आहे.

काकडआरती काकू, तुमचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. शाबूत त्वचेवर कोरफड, तूप पुष्कळांना सोसतं. पण शमीच्या त्वचेवर काल शब्दशः दारं उघडली आहेत. ती बहुतांश एका दिवसात मिटतात, तोवर जे लावाल ते नेहमीपेक्षा कितीतरी खोल जातं. कुंडीतल्या कोरफडीचं पान कापलं की आधी पिवळा चीक येतो, तो त्वचेला झोंबतो, आणि पानाबरोबर मातीतले जंतूही येतात. साय, तूप, बेसन, मध, लिंबू, टोमॅटो, यातलं काहीच निर्जंतुक नसतं. हळदीची काहींना ॲलर्जी असते आणि ती अशा वेळी उफाळते.

हेच सीरमलाही लागू. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. मायक्रोनीडलिंगच्या वेळी व्हिटॅमिन सीचं साधं सौंदर्यप्रसाधन लावलं होतं, आणि त्याविरुद्ध शरीराने चेहऱ्यावर गाठी धरल्या. ते सीरम चेहऱ्यावर लावण्यासाठी होतं, टोचून आत घालण्यासाठी नव्हतं. म्हणून शमी, व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, ग्लायकोलिक आणि सॅलिसिलिक ॲसिड, स्क्रब, सगळं निदान आठवडाभर बंद. नंतरही एकेक सुरू कर, सगळ्यात सौम्य ते आधी, आणि रेटिनॉल सर्वांत शेवटी. ब्लीच, थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल यांनाही दोन आठवडे सुट्टी.

दुखलं तर पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या आम्ही टाळायला सांगतो, कारण जो थोडा दाह आपल्याला हवा आहे तोच त्या दाबतात. अर्थात दुसऱ्या कुठल्या आजारासाठी डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या असतील तर मनाने बंद करायच्या नाहीत.

ओंकारेश्वर, जिम दोन दिवस तरी बंद. पोहणं आठवडाभर, क्लोरीन झोंबतं. दाढी कातडी पूर्ण शांत झाल्यावर, साधारण चार-पाच दिवसांनी, आणि नव्या ब्लेडने. आफ्टरशेव्ह नको, त्यात अल्कोहोल असतं.

शमीवृक्ष · शनिवार, रात्री ८.१५

डॉक्टर, गुलबक्षी, खूप आभार. हे सगळं आईला वाचून दाखवलं. कोरफड कुंडीतच राहिली. सनस्क्रीनबद्दल सांगाल का? आज लावलं नाही, घरातच आहे.

बकुळ · शनिवार, रात्री ९.००

आज घरात राहिलीस ते उत्तम. उद्यापासून लाव. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं, ज्याला मिनरल किंवा फिजिकल सनस्क्रीन म्हणतात, एसपीएफ ३० किंवा ५०. ते त्वचेला कमी झोंबतं. वाटाण्याएवढं लावून भागत नाही. तर्जनी आणि मध्यमा, दोन्ही बोटांवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढायची, तेवढं एका चेहऱ्याला आणि मानेला लागतं. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. चार-पाच दिवसांनी त्वचा शांत झाली की रंगीत म्हणजे टिंटेड सनस्क्रीन घेतलंस तर आणखी चांगलं. त्यात आयर्न ऑक्साइड असतं आणि दिसणाऱ्या प्रकाशानेही आपल्या रंगाच्या त्वचेवर जे डाग गडद होतात ते त्याने अडतात. वांग असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

आणि सनस्क्रीन लावलं म्हणून बारा वाजता लक्ष्मी रोडला खरेदीला जायचं नाही. छत्री, रुंद काठाची टोपी, सावलीची बाजू. सनस्क्रीन त्यानंतर येतं.

ढोलताशा_ध्वज · शनिवार, रात्री १०.३०

चांगला धागा. एक भर घालतो. आमच्या पथकातल्या एकीने सरावाच्या ऐन दिवसांत हे करून घेतलं होतं. नदीपात्रात संध्याकाळी तीन तास ढोल, घामाच्या धारा, डासांसाठी लावलेलं मलम, धूळ. पुढे मिरवणुकीत गुलाल. तिला महिनाभर गालांवर डाग राहिले. तारीख घेताना पुढच्या पंधरा दिवसांचं कॅलेंडर बघा. गणपती, रंगपंचमी, सिंहगड, लग्न, जे काही असेल ते.

पेठकर · रविवार, सकाळी ८.००

माझी मुलगी बारावीला आहे. तिने ऑनलाइन डर्मारोलर मागवलाय, काही शे रुपयांचा. पाकिटावर दीड मिलिमीटर लिहिलंय. तिच्या मैत्रिणी घरी करतात म्हणे, आणि एकमेकींचा वापरतातही. आई रागावून झाली, मी रागावून झालो. डॉक्टर, तिला पटेल असं काही सांगता येईल का? ती हा धागा वाचणार आहे.

बकुळ · रविवार, सकाळी ९.२०

तिच्यासाठीच लिहिते.

बाळा, तुला चेहरा नितळ हवाय यात चूक काहीच नाही. पण तुझ्या वयात बहुतेक वेळा अजून चालू पिंपल्स असतात. चालू पिंपलवरून रोलर फिरवला की त्यातले जंतू पूर्ण चेहऱ्यावर पेरले जातात. चामखीळ असेल तर तीही अशीच पसरते. घरी रोलर निर्जंतुक होत नाही, डेटॉलमध्ये बुडवूनही नाही आणि गरम पाण्यानेही नाही. स्वस्त रोलरच्या सुया लवकर बोथट होतात, काही वाकतात, आणि वाकलेली सुई टोचत नाही, ओरखडते. त्याचा व्रण राहतो, म्हणजे जे घालवायचंय तेच वाढतं. अमेरिकेत मायक्रोनीडलिंगच्या यंत्राला पहिल्यांदा अधिकृत मान्यता २०१८ मध्ये मिळाली ती मुरमांच्या व्रणांसाठी, आणि वय बावीस किंवा त्याहून अधिक असणाऱ्यांसाठी.

दुसऱ्याचा रोलर वापरणं हे दुसऱ्याची इंजेक्शनची सुई वापरण्यासारखंच आहे. अमेरिकेतच, न्यू मेक्सिकोमध्ये, एका विनापरवाना स्पामध्ये नीडलिंगसोबत रक्तातला घटक लावायचे, ज्याला व्हॅम्पायर फेशियल म्हणतात. तिथून स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलं. घाबरवायचं नाहीये मला. पण सुई ती सुईच.

आधी पिंपल्सवर उपचार घे. ते थांबले की खड्ड्यांचं बघता येतं, घाई नाही. ससूनच्या त्वचा विभागात दाखवलंत तरी चालेल. आणि पुढे कधी कुठेही करून घेशील तेव्हा डॉक्टरची पदवी बघ. त्वचेची एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. विचारायला लाजायचं नाही.

पेठकर · रविवार, दुपारी १२.१०

डॉक्टर, मनापासून आभार. वाचलं तिने. रोलर परत पाठवतोय.

शमीवृक्ष · मंगळवार, रात्री ९.३०

लाली गेली, सूज गेली, गाल खरखरीत झालेत, गुलबक्षीने लिहिलं होतं अगदी तसंच. दोन दिवस घरून काम केलं. पण हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने आज बारीक पुरळ आलंय. दुखत नाही, किंचित खाजतं. शेजारची मैत्रीण फार्मसीत काम करते, तिने एक ट्यूब दिलीय, म्हणाली एका रात्रीत बसेल. लावू का?

बकुळ · मंगळवार, रात्री ९.५०

ट्यूबवर घटक काय लिहिलेत ते आधी इथे लिही. लावू नकोस.

शमीवृक्ष · मंगळवार, रात्री ९.५५

मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन.

बकुळ · मंगळवार, रात्री १०.२०

ती ट्यूब बाजूला ठेव. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. एका रात्रीत बसतं हे खरं, कारण स्टेरॉइड सगळंच बसवतं. मग सोडलं की दुप्पट उठतं, आणि वापरत राहिलं की कातडी पातळ होते, लाल रेषा दिसायला लागतात, लव वाढते. आपल्या देशात ही मलमं गोरं करणारी क्रीम म्हणून घरोघरी पोहोचली. आमच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याविरुद्ध मोठी मोहीम चालवली. २०१८ मध्ये सरकारने अशी चौदा स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ट्यूब हातोहात मिळते. त्यात ट्रेटिनॉइनही आहे, रेटिनॉलच्याच कुळातलं, जे या आठवड्यात तुला नकोच आहे. तुझ्या मैत्रिणीचा हेतू चांगलाच असणार, पण हे औषध तपासल्याशिवाय द्यायचं नाही, हे तिलाही सांग.

पुरळाबद्दल. न दुखणारं, एकसारखं, बारीक पुरळ बहुतेक वेळा जाड मलमामुळे किंवा घामाने येतं. पण पुढचं काही दिसलं तर उद्याची वाट न बघता फोन कर: दुखणं वाढत जाणं, पू, लाली कमी व्हायच्या ऐवजी पसरणं, ताप, किंवा ओठाच्या आसपास पाणीदार फोडांचा झुबका. शेवटचं नागिणीच्या जातकुळीतल्या विषाणूचं असू शकतं. ज्यांना तापात ओठाच्या कडेला असे फोड येतात त्यांनी नीडलिंगच्या आधीच डॉक्टरांना सांगायला हवं, त्याच्या गोळ्या आधी सुरू करतात. जखमेवर मांसाचा उंचवटा धरण्याची प्रवृत्ती, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, गरोदरपण, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असणं, हेही न विचारता सांगावं.

उद्या क्लिनिकमध्ये दाखवून ये.

शमीवृक्ष · बुधवार, रात्री ८.००

दाखवून आले. जंतुसंसर्ग नाही. त्यांनी दिलेलं मलम माझ्या तेलकट हनुवटीला जड पडत होतं, म्हणून ते फक्त गालांपुरतं ठेवून हनुवटीला हलकं जेल दिलंय. सोसायटीत टँकरचं पाणी येतं हे सांगितल्यावर म्हणाले, त्या जड पाण्याने त्वचा आणखी कोरडी पडते, आठवडाभर तोंड धुवायला फिल्टरचं पाणी घ्या. आणि कागदाबद्दलही बोलले मी. मराठीतून सविस्तर कागद करून देतो म्हणाले.

काकडआरती · गुरुवार, सकाळी ७.१५

शमी, बरं वाटलं वाचून. बकुळ, तुम्ही मला इतकं नीट समजावलंत, घरातल्या मुलींनाही मी आता हेच सांगणार आहे.

हळदीचं मी सांगते, कारण ते माझ्या पिढीचं खातं आहे. तुझ्या मावशीला आजच फोन कर, समारंभाच्या दिवशी नको. हळद पायांपासून वर लावत जातात, करवलीला पावलांना, हातांना, कोपरांना लावली की मान पूर्ण झाला. चेहऱ्याला लागलीच पाहिजे असं कुठल्याही शास्त्रात नाही. उखळ-मुसळ पुजताना, हळद कुटताना तू पुढे राहा, कोणाला काही कमी वाटणार नाही. धोका वडीलधाऱ्यांचा नसतो, धोका मागून येऊन दोन्ही गालांना फासणाऱ्या मावस-मामे भावंडांचा असतो. त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या दांडगटाला विश्वासात घे आणि त्यालाच राखणीला बसव.

बकुळ · गुरुवार, दुपारी २.००

काकू, यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. रविवारपर्यंत वरची कातडी जुळलेली असेल, पण जिचं पुरळ आत्ता कुठे बसतंय तिने चेहऱ्याला हळद लावू नये. लागलीच तर चोळून काढू नकोस. गार पाणी, क्लेन्झर, आणि रंग राहिला तर राहू दे, दोन दिवसांत जातो. लग्नाच्या दिवशी मेकअप चालेल. पण ब्रश आणि स्पंज तुझे स्वतःचे, धुतलेले. मेकअपवालीच्या पेटीतला सकाळपासून पाच जणींच्या चेहऱ्यावर फिरलेला स्पंज नको. रात्री कितीही उशीर झाला तरी मेकअप काढून झोप.

तुळशीवृंदावन · गुरुवार, संध्याकाळी ५.३०

इतकी उपयुक्त चर्चा, वाखूण साठवली. एक प्रश्न, पुढचं सेशन किती दिवसांनी घ्यायचं? आमच्या इथलं एक सेंटर पंधरा दिवसांनी या म्हणतंय, पॅकेजमध्ये सवलत आहे.

बकुळ · गुरुवार, रात्री ९.१०

चेहऱ्यावर दीड मिलिमीटरला चार ते सहा आठवडे. कोलॅजन त्या काळात बनत असतं, मध्येच पुन्हा टोचलं तर अर्धवट भरलेलं परत मोडतं. सवलतीची मुदत तुमच्या त्वचेला लागू होत नाही.

ओंकारेश्वर_घाट · शुक्रवार, सकाळी ११.००

डॉक्टर, मला चेहऱ्यासाठी नाही, टाळूसाठी सांगितलंय. केस विरळ झालेत, मिनॉक्सिडिल हे केसवाढीचं औषध लावतो. त्यानंतरची काळजी वेगळी असते का? आधी स्पष्ट लिहायला हवं होतं का कळेना, सगळे चेहऱ्याबद्दल बोलत होते.

बकुळ · शुक्रवार, रात्री ८.४५

चांगलं विचारलंत, या विषयातलं एक महत्त्वाचं काम आपल्या मुंबईतच झालंय. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांनी शंभर पुरुषांवर अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना फक्त पाच टक्के मिनॉक्सिडिल, निम्म्यांना त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटरचा रोलर. बारा आठवड्यांनी दुसऱ्या गटात केसांची वाढ बरीच जास्त दिसली. पण ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालं होतं, आरशासमोर उभं राहून नाही.

काळजीत दोन फरक. त्या अभ्यासात टोचल्यानंतर चोवीस तास मिनॉक्सिडिल बंद ठेवलं होतं, तुम्हीही तेच करा. ते लगेच लावलं तर टाळूची आग होते, आणि औषध रक्तात जास्त जाऊन धडधड, चक्कर होऊ शकते. शाम्पू, तेल, केसांचा रंग, जेल, सगळं दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबवा, रंग तर आठवडाभर.

दुसरं हेल्मेट. ते घालायचं नाही असं मी कधीच सांगणार नाही. म्हणून सेशनच्या दिवशी गाडी घरीच ठेवा, मेट्रोने किंवा रिक्षाने या. दुसऱ्या दिवशीपासून आत पातळ सुती टोपी किंवा रुमाल, रोज धुतलेला. आणि सेशनच्या आदल्या दिवशी हेल्मेटचं आतलं अस्तर काढून साबणाने धुऊन खडखडीत उन्हात वाळवा. बहुतेक हेल्मेटांचं अस्तर बटणांवर असतं, सहज निघतं.

ओंकारेश्वर_घाट · शुक्रवार, रात्री ९.२०

आत्ताच काढून बघितलं. निघालं. भिजत घातलंय.